मनी ट्रान्सफरच्या दुकानामागे बँक कोणती?

सांगली-मिरज रस्त्याला विश्रामबागच्या आसपास झेरॉक्स, रिचार्ज, लाइट बिल आणि 'मनी ट्रान्सफर' ही सगळी कामं एकाच फलकावर मांडलेली दुकानं बरीच आहेत. आत गेलं की काउंटरमागच्या भिंतीवर दोन-तीन कागद फ्रेम करून लावलेले दिसतात. शॉप ॲक्ट, उद्यम नोंदणी, जमलं तर जीएसटीचं प्रमाणपत्र. सरकारी शिक्का दिसला की गिऱ्हाईक निर्धास्त होतं आणि खिशातली रक्कम काउंटरवर ठेवतं. यातल्या एकाही कागदानं दुसऱ्याचे पैसे इकडून तिकडे पाठवायची परवानगी मिळत नाही, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

शॉप ॲक्टचंच बघा. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीसुद्धा करावी लागत नाही. धंदा सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोच घ्यायची. छोट्या दुकानात फ्रेममध्ये जाऊन बसते ती ही पोच. हा कायदा कामाचे तास, सुट्ट्या आणि कामगारांच्या सोयी बघतो. तुमच्या पैशाशी त्याचं देणंघेणं नाही. उद्यम नोंदणी मालकानं स्वतः भरलेल्या माहितीवर मिळते. जीएसटी क्रमांक म्हणजे कर भरण्याची ओळख, एवढंच.

मग राज्य सरकारचा मनी ट्रान्सफर परवाना कसा असतो? तो नसतोच. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात चलन, परकीय चलन आणि बँकिंग हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत, सावकारी राज्याच्या. त्यामुळे सावकाराला परवाना मिळतो तो महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली, सहकार खात्याच्या निबंधकांकडून. पैसे पाठवण्याच्या व्यवस्थांवर मात्र २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यानं रिझर्व्ह बँकेचा अंमल आहे. या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार रिझर्व्ह बँकेच्या अधिकारपत्राशिवाय कुणालाही अशी व्यवस्था चालवता येत नाही, आणि चालवली तर तुरुंगवास आणि दंडाची तरतूद आहे. 'महाराष्ट्र शासन मान्य मनी ट्रान्सफर' असा फलक कुठं दिसला, तर लिहिणाऱ्याला कायदा माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे रिझर्व्ह बँकेचं पत्र असणं शक्य नाही आणि तशी गरजही नाही. तो कुठल्यातरी बँकेचा प्रतिनिधी असतो. २००६ साली रिझर्व्ह बँकेनं बँकांना आपली कामं बाहेरच्या माणसांमार्फत करून घ्यायला परवानगी दिली, त्यातून बँक मित्र, ग्राहक सेवा केंद्र वगैरे नावं आली. मध्ये एखादी तंत्रज्ञान कंपनी असते, तिच्याखाली डिस्ट्रिब्युटर, त्याच्याखाली हा 'रिटेलर'. साखळी कितीही लांब असली तरी वरच्या टोकाला बँक असावी लागते, आणि प्रतिनिधीनं केलेल्या कामाची जबाबदारी त्या बँकेवर राहते. म्हणून दुकानात शिरल्यावर विचारायचा प्रश्न एकच: "तुमची आयडी कोणत्या बँकेची?" खरा प्रतिनिधी पटकन नाव सांगतो. "सगळ्या बँकेला जातं की हो" हे उत्तर मिळालं तर प्रश्न पुन्हा विचारा. पैसे कुठं जातात हे तुम्ही विचारलेलं नाही. ते कुणाच्या जबाबदारीवर जातात हे विचारलं आहे.

सांगली जिल्ह्यात आणखी एक गफलत नेहमी होते. गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि बोलताना सर्रास तिलाही 'बँक' म्हणतात. पतसंस्था १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली असते, तिला बँकिंगचा परवाना नसतो. तिच्या काउंटरवरून पैसे पाठवता येत असतील तर तिथंही मागे एखादी बँक असणारच. तिचं नाव विचारायला लाजू नका, भले चेअरमन तुमच्या पाहुण्यातले असोत.

आता काउंटरवर नेमकं काय घडायला हवं ते पाहू. कुपवाड एमआयडीसीत काम करणारा बिहारचा एखादा कामगार महिन्याचा पगार घेऊन दुकानात येतो आणि घरी आठ हजार पाठवायचे म्हणतो. रोख भरून दुसऱ्याच्या खात्यावर पैसे टाकण्याच्या या सेवेचे नियम रिझर्व्ह बँकेनं २०११ मध्ये घालून दिले. एका वेळी पाच हजार आणि महिन्याला पंचवीस हजार ही मर्यादा तेव्हापासूनची. म्हणून आठ हजाराचे दोन व्यवहार होतात, पाच आणि तीन, आणि पावत्याही दोन मिळायला हव्यात. जुलै २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं चौकट घट्ट केली आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून ती लागू झाली. पाठवणाऱ्याचा मोबाईल क्रमांक तपासून नोंदवायचा, त्याच्या ओळखपत्राची स्वतः सही केलेली प्रत घ्यायची आणि प्रत्येक व्यवहाराला त्याच्याच मोबाईलवर आलेला ओटीपी लागायचा. ओळखपत्र म्हणून आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा रोजगार हमीचं जॉब कार्ड चालतं. पॅन कार्ड या यादीत बसत नाही, त्यामुळे ते चालवून न घेणाऱ्या दुकानदारावर चिडू नका.

उलट ओळखपत्र, ओटीपी काहीच न मागता "द्या, टाकतो" म्हणणारा दुकानदार जास्त महाग पडू शकतो. तो तुमचे पैसे स्वतःच्या खात्यावरून यूपीआयनं मारतो किंवा दुसऱ्या गिऱ्हाईकाच्या नावावर नोंदवलेल्या क्रमांकावरून पाठवतो. महिन्याची पंचवीस हजारांची मर्यादा संपली की ही युक्ती हमखास सुचवली जाते: "तुमचं लिमिट झालं, माझ्या मेव्हण्याच्या नंबरवरनं मारतो." गावाकडं पैसे पोहोचतातही. पण कागदोपत्री ते मेव्हण्यानं पाठवलेले असतात. मध्ये अडकले तर तक्रार करायचा हक्क मेव्हण्याचा, तुमच्याकडे पुरावा शून्य. तुमच्या नोंदलेल्या क्रमांकावरून असंच दुसऱ्या कुणाचे पैसे जात असतील, तर त्याचं उत्तर मात्र तुम्हाला द्यावं लागतं. तुम्ही दुकानात नसताना ओटीपी आला आणि दुकानदाराचा "जरा सांगा की" म्हणून फोन आला, तर तो सांगायचा नाही.

पावती फोनवर आली तरी चालेल, पण ती नीट वाचून मगच पायरी उतरा. तिच्यावर बँकेचं नाव, पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचा खाते क्रमांक, रक्कम, आकार आणि संदर्भ क्रमांक हवा. आयएमपीएसचा संदर्भ क्रमांक बारा अंकी असतो. पुढच्या सगळ्या भानगडीत हाच कामाला येतो. आकाराचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी शंभराला रुपया असा हिशोब चालतो. बँकांच्या प्रतिनिधींसाठीच्या नियमांनुसार आकार बँकेनं घ्यायचा असतो, प्रतिनिधीनं गिऱ्हाईकाकडून परस्पर फी उकळायची नाही. तेव्हा पावतीवर ऐंशी रुपये आणि हातात मागितले शंभर, तर वरच्या वीस रुपयांना काही आधार नाही. तुमचं स्वतःचं बचत खातं असेल तर हा खर्च करायचंही कारण नाही. जानेवारी २०२० पासून बचत खात्यावरून ऑनलाइन एनईएफटीला आकार नाही, आणि शाखेत जाऊन केलं तरी दहा हजारांपर्यंत जास्तीत जास्त अडीच रुपये अधिक जीएसटी. विश्रामबागेत बँकांच्या शाखांना तोटा नाही. रांगेचा कंटाळा हेच या दुकानांचं खरं भांडवल आहे, आणि दिवसभर कारखान्यात उभं राहणाऱ्याला तो कंटाळा परवडत नाही हेही खरं.

पैसे खात्यातून गेले आणि समोर पोहोचले नाहीत, तर आयएमपीएस किंवा यूपीआयच्या व्यवहारात ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. २०१९ च्या परिपत्रकानुसार त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई बँकेनं आपणहून द्यायची. दुकानदार "सर्व्हर डाउन आहे, बघू सोमवारी" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. पावतीवरच्या बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फसवणूक झाली असेल तर क्रम उलटा. आधी १९३० ला फोन, त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यात पोहोचून काढले जायच्या आत ते रोखता येतात, म्हणून तास मोजायचे. त्यानंतर बँक, आणि मग पोलीस ठाणं.

नेपाळी वॉचमन किंवा हॉटेलातल्या मुलांसाठी भारत-नेपाळ रेमिटन्स ही वेगळी सोय आहे. खात्यावरून एका वेळी दोन लाखांपर्यंत, रोख भरून पन्नास हजारांपर्यंत, तेही वर्षातून बारा वेळा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी वॉचमनला एकदा बँकेत नेऊन आणलं तर त्याचे पैसे कुणा ओळखीच्या माणसाच्या पिशवीतून जायचे थांबतील.

पिशवीचा विषय निघालाच आहे तर गलाईवाल्यांबद्दल बोलायला हवं. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. केरळपासून बंगालपर्यंत सराफ बाजाराच्या गल्लीत हाक मारली तर ओ देणारा माणदेशी सापडतो. त्यातले कित्येकजण मुलांच्या शिक्षणासाठी सांगली-विश्रामबागेत फ्लॅट घेतात आणि कुटुंब इथं ठेवतात. पैसा तिकडे कमवायचा, खर्च इकडे. हा पैसा बराचसा रोख आणि विश्वास गावकीचा, त्यामुळे अंगडियाचा किंवा 'तिकडं द्या, इकडं घ्या' हा रस्ता सोपा वाटतो. अंगडियानं तुमचं पाकीट प्रत्यक्ष नेऊन पोहोचवलं तर ती कुरिअर सेवा. पण परगावी रक्कम जमा करायची, फोनवर एखाद्या नोटेचा क्रमांक सांगायचा आणि सांगलीत ती नोट दाखवून तेवढीच रक्कम उचलायची, यात पाकीट कुठं गेलंच नाही. ही बिनपरवान्याची पैसे पाठवण्याची व्यवस्था झाली. पैसा बुडाला तर फिर्याद द्यायला पावती नसते, आणि फिर्याद द्यायची म्हणजे आधी स्वतःचा व्यवहार उघड करायचा.

यात आयकराची बाजूही आहे. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. फ्लॅटचा हप्ता म्हणून तीन लाख रोख आले, तर घेणारा अडचणीत येतो आणि तुम्हाला खरेदीखतात ती रक्कम दाखवता येत नाही. आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून रात्रंदिवस चालू आहे, दोन लाखांच्या वर कितीही पाठवा. परगावी दुकान असलेल्यानं तिथल्या चालू खात्यातून सरळ बिल्डरच्या खात्यावर रक्कम टाकावी. गावकीचा विश्वास लग्नकार्यासाठी राखून ठेवावा.

परदेशाचं गणित निराळं. मुलगा दुबईत किंवा मुलगी न्यू जर्सीत असेल आणि तिकडून पैसे येत असतील, तर रक्कम उचलायला तुम्ही ज्या काउंटरवर जाता तिथं रिझर्व्ह बँकेची मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम लागू असते. एका वेळी २,५०० डॉलरपर्यंत, एका माणसाला वर्षात तीस वेळा, आणि हातात रोख फक्त पन्नास हजारांपर्यंत. त्यावरची रक्कम चेकनं किंवा खात्यावर. ही सोय घरखर्चासाठी आहे. विश्रामबागेतल्या फ्लॅटचं बुकिंग, गुंतवणूक, धंद्याचं येणं किंवा ट्रस्टची देणगी या वाटेनं आणता येत नाही. गणेश मंडळाच्या किंवा देवस्थानाच्या कार्यकर्त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण परदेशी देणगीला वेगळा कायदा आहे आणि तो कडक आहे. फ्लॅटसाठी मुलानं स्वतःच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यावर बँकेतून पैसे आणावेत आणि तिथून चेक द्यावा.

तिकडच्या बाजूचा परवाना मात्र तिकडच्या माणसानं तपासायचा. आखाती देशांत तो मध्यवर्ती बँक देते. अमेरिकेत हा धंदा खरोखरच राज्याच्या परवान्यावर चालतो. न्यू जर्सीत त्या राज्याचं बँकिंग व विमा खातं परवाना देतं आणि केंद्राकडे वेगळी नोंदणी लागते. ॲप चालवणाऱ्या कंपन्या कुठल्या राज्यात परवाना आहे त्याची यादी संकेतस्थळाच्या तळाशी देतात. मुलीला ती बघायला सांगा. जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतून रोख रक्कम भरून पैसे पाठवले तर एक टक्का कर पडतो. बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट कार्डावरून पाठवले तर पडत नाही.

इकडून तिकडे पाठवताना जास्त जपून राहावं लागतं. वालचंद कॉलेजमधून इंजिनिअर होऊन पोरगा जर्मनीला किंवा अमेरिकेला निघाला की फीचा प्रश्न येतो. नियमानुसार प्रत्येक माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, पण परकीय चलनाचा अधिकार असलेल्या बँकेतून किंवा अधिकृत संस्थेतून, पॅन देऊन आणि कारण लिहून. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांच्या वर गेलेल्या रकमेवर कर गोळा केला जातो, तो विवरणपत्रात परत मिळवता येतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या फीवर तो लागत नाही. दर अर्थसंकल्पात हलतात, त्यामुळे पाठवायच्या आठवड्यात बँकेला विचारा. हा कर वाचवून देतो, डॉलरही स्वस्तात देतो, तुम्ही फक्त आमच्या खात्यावर रुपये टाका, असं सांगणारे एजंट भेटतात. विद्यापीठाच्या खात्यावर पैसे पोहोचलेही, तरी ते कुणा तिसऱ्याच्या नावानं गेलेले असतात. याला साध्या मराठीत हवाला म्हणतात, आणि परकीय चलन कायद्यात त्याचा दंड रकमेच्या तिप्पट असू शकतो. वर विद्यापीठ विचारतं ते वेगळंच: फी भरणारा हा माणूस तुझा कोण?

शेवटी, ज्यांना स्वतःच असं दुकान टाकायचं आहे त्यांच्यासाठी. स्वतःचं वॉलेट काढायला रिझर्व्ह बँक अर्ज करतानाच पाच कोटींची निव्वळ मालमत्ता मागते, तेव्हा तो विचार सोडा आणि बँकेचे प्रतिनिधी व्हा. त्यासाठी पॅन, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, दुकानाचा भाडेकरार, चालू खातं आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सचं बँक मित्राचं प्रमाणपत्र ही तयारी ठेवा. डिस्ट्रिब्युटर 'आयडीचे' पैसे मागेल. देण्याआधी करारनामा वाचा. त्यात बँकेचं नाव नसेल तर तुम्ही एक लॉगिन विकत घेताय, प्रतिनिधीपद मिळत नाही. कंपनीच्या वॉलेटमध्ये तुम्ही भरलेली रक्कम कंपनी बुडाली तर कुणाकडे मागायची, तेही त्याच करारात शोधा.

दुकान चालू झाल्यावर सर्वात मोठा धोका काउंटरवर चालत येतो. अनोळखी माणूस म्हणतो, "तुमच्या क्यूआरवर वीस हजार मारतो, रोख द्या, दोन टक्के ठेवून घ्या." दोन मिनिटांत चारशे रुपये सुटतात. ते वीस हजार कुठल्यातरी ऑनलाइन फसवणुकीतले असतील, तर मूळ तक्रारदार दुसऱ्या राज्यात तक्रार करतो आणि पैशाचा माग काढत बँक तुमच्या खात्यापर्यंत येते. मग खातं गोठतं. त्यात तुमचं घरभाडं, मुलाची फी आणि इतर गिऱ्हाइकांचे पैसेही अडकतात. क्यूआर माल विकण्यासाठी आहे. रोख द्यायची तर बँकेनं दिलेल्या आधार-अंगठ्याच्या किंवा कार्डाच्या यंत्रावरूनच द्या, म्हणजे व्यवहाराची नोंद बँकेकडे राहते. कॉलेजच्या पोरांना 'खातं वापरायला द्या, महिन्याला इतके देतो' म्हणणारेही दुकानाच्या आजूबाजूलाच घुटमळतात. त्यांना काउंटरवर थारा देऊ नका आणि पोरांना तोंडावर सांगा की खातं भाड्यानं देणारा आरोपी होतो.

खातं गोठलंच, तर बँकेच्या मॅनेजरशी हुज्जत घालून उपयोग नाही, तो आदेश पाळतो आहे. त्याच्याकडून कोणत्या पोलीस ठाण्याच्या पत्रावरून आणि कोणत्या तक्रार क्रमांकावर हे झालं ते लेखी घ्या. किती रकमेवर आक्षेप आहे तेही विचारा, कारण वादातली तेवढीच रक्कम अडवून बाकीचं खातं मोकळं करण्याची विनंती करता येते. त्या ठाण्याला पावत्या, गिऱ्हाइकाच्या ओळखपत्राची प्रत, दुकानातलं सीसीटीव्ही चित्रण आणि त्या दिवसाचं रजिस्टर जोडून ईमेलनं उत्तर पाठवा. रजिस्टर रोजच्या रोज लिहिलेलं असावं. महिनाभरानंतर आठवून एका शाईत लिहिलेलं रजिस्टर तपास अधिकाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं.